पाळी सुटली, पण भोंगा कुणी द्यायचा?

ताई, नमस्कार.

मी जुळे सोलापुरात राहते, वय ४६. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेब बघते. माल परदेशात जातो, त्यामुळे मालकांचे मेसेज रात्री अकरालाही येतात. घरी मिस्टर, सासूबाई आणि दहावीतला मुलगा. मुलगी पुण्यात नोकरीला, आई बार्शीला एकटी. माझ्या फोनवर २७ ग्रुप आहेत, मोजले मी. ऑफिसचे तीन, मुलाच्या क्लासचे दोन, भिशी, माहेर, सासर, शाळेतल्या मैत्रिणी, आणि गल्लीचा एक, ज्यावर नळाला पाणी कधी सुटणार ते कळतं. चार-पाच दिवसांनी येणारं पाणी चुकलं तर काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको.

यंदा संक्रांतीत गड्ड्याला, आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, गेले आणि फोन घरी चार्जिंगला राहिला. तीन तास! आधी हात सारखा पर्सकडे जायचा, मग विसरले. नंदीध्वज बघितले, होम मैदानावर एकटीने फिरले, उसाचा रस प्यायले. ताई, इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. घरी आले तर ८३ मेसेज, सहा मिस्ड कॉल, आणि मिस्टर म्हणाले, "कुठं होतीस? जग बुडालं असतं तरी तुला कळलं नसतं." रात्री बाथरूममध्ये जाऊन रडले. कशासाठी, ते मलाच कळेना.

नंतर दोनदा ठरवून फोन बंद केला. एकदा वीस मिनिटं टिकलं, एकदा चाळीस. रविवारी दिवसभर बंद ठेवा म्हणतात, पण माझ्यासारखीला ते कसं जमायचं? २०२१ मध्ये भावाच्या वेळी रात्री फोन आला होता, माझा सायलेंटवर होता, तेव्हापासून मी तो उशाशीच घेऊन झोपते. स्मार्टफोन टाकूनच द्यावा असंही मनात येतं. मुलगा हसतो. काय करू?

– तीन तासांपुरती हलकी

——

बाई, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ठिकाणी अडले. गड्डा! माणसं शांतता शोधायला इगतपुरीला जातात, फोन जमा करून दहा दिवस तोंड मिटून बसतात. तुम्हाला ती सापडली कुठं, तर जिथं हजारो माणसं 'एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र' अशी गर्जना करतात तिथं. आकाशपाळण्यांचे कर्णे, 'मौत का कुआँ'तल्या मोटारसायकली, पोरांच्या पिपाण्या, हरवलेल्या मुलांच्या घोषणा. सोलापुरात वर्षाकाठी याहून मोठा गोंगाट कुठला असेल, मला तरी ठाऊक नाही.

मग तिथं शांत का वाटलं असेल? मला वाटतं, एवढ्या आवाजात तुमच्यासाठी असा एकही आवाज नव्हता. तुमचं नाव घेऊन कुणी बोलावत नव्हतं, तुमच्या उत्तरासाठी कुणी थांबलेलं नव्हतं. त्या तीन तासांत तुम्ही कुणाच्या हाकेवर नव्हता. तुम्हाला हवंय ते हे. म्हणून निसर्गरम्य ठिकाण, मंद संगीत, उदबत्ती वगैरे सल्ले मी देणार नाही. तुम्हाला भर भाजी मंडईतसुद्धा निवांत वाटू शकतं, फक्त तेवढा वेळ तुमची पाळी सुटलेली असायला हवी.

पाळी, म्हणजे गिरणीतली शिफ्ट, हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. माझे वडील गिरणीत होते. १८७७ साली जुनी मिल सुरू झाली, पाठोपाठ आणखी गिरण्या आल्या, आणि पुढं शंभरेक वर्षं या गावाचं घड्याळ भोंग्याच्या हातात राहिलं. चूल कधी पेटवायची, आंघोळीला कुणी आधी जायचं, पोरांना शाळेला कधी हाकलायचं, सगळं भोंग्यावर. आता लोक त्याच्या आठवणीने हळवे होतात. मला तो कर्कश आठवतो, पहाटेची साखरझोप मोडणारा. पण त्याची एक गोष्ट मान्य करायला हवी. जो भोंगा माणसाला बोलवायचा, तोच त्याला सोडायचाही. पाळी सुटली की वडील घरी यायचे, पाय धुवायचे, चहा घ्यायचे आणि ओट्यावर भिंतीला टेकून बसायचे. कानावरच्या केसांत कापसाचे तंतू तसेच. तासभर ते नुसते रस्त्याकडे बघत असायचे. आई त्यांना काही विचारायची नाही, आम्ही पोरं भोवती खेळत असायचो. जॉबर असो, मुकादम असो, त्या ओट्यापर्यंत कुणाचा हात पोचत नव्हता.

(बरं, आईचा असा तास कोणता होता, हा प्रश्न मला स्वतःला पन्नाशी उलटल्यावर पडला. तिच्या पाळीला भोंगाच नव्हता. तेव्हा घरात फोन सोडा, रेडिओसुद्धा शेजाऱ्यांचा होता. म्हणजे सगळं खापर मोबाईलवर फोडता येणार नाही, याकडे आपण पुन्हा येऊ.)

गिरण्या एकेक करून बंद पडल्या, भोंगे गेले. तुमच्या फोनने भोंग्याचं अर्धंच काम उचललं, बोलावण्याचं. सोडण्याचं काम कुणीच अंगावर घेतलं नाही. म्हणून सकाळी चढलेली तुमची पाळी झोपेतही उतरत नाही. फोन टाकून द्यायची गरज नाही, रविवारच्या उपासाचीही नाही. तुम्हाला सुटीचा भोंगा हवाय. रोजचा, ठरल्या वेळचा, आणि मुख्य म्हणजे इतरांच्या कानावर जाणारा.

तुमचे दोन्ही प्रयत्न इथंच फसले असं मला वाटतं. तुम्ही फोन गुपचूप बंद केलात. गुपचूप बंद केलेला फोन म्हणजे शाळेतून पळालेलं पोर. बाहेर आहे, पण अर्धा जीव मागं, आत्ता कुणीतरी हजेरी घेत असेल म्हणून. वीस मिनिटं टिकलात हेच पुष्कळ.

याउलट गांधीजींचं सोमवारचं मौन घ्या. ते साऱ्या देशाला ठाऊक होतं. २ जून १९४७ ला माउंटबॅटन फाळणीची योजना घेऊन त्यांच्यासमोर बसले, तो नेमका सोमवार निघाला. गांधीजींनी वापरलेल्या पाकिटांच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर लिहून उत्तरं दिली. देश तुटायला आला होता, तरी व्हाइसरॉयने ते चालवून घेतलं, कारण सोमवार हा सोमवार असतो हे आधीपासून माहीत होतं. तुमच्या टॉवेलचं बिल त्याहून तातडीचं नसावं.

आणि अगदी अलीकडचं, आपल्या शेजारच्या जिल्ह्यातलं. सांगलीच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२ साली त्या गावाने ठरवलं की रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत घराघरांतले टीव्ही-मोबाईल बंद राहतील. करोनात ऑनलाइन शाळेच्या निमित्ताने पोरांच्या हातात गेलेला फोन सुटेना, म्हणून हे केलं. बघा, भोंगाच परत आला की ओ! तिथं ते चाललं याचं कारण मला साधं वाटतं. दीड तास सगळ्यांचाच होता, त्यामुळे 'तू का नाही उचललास' असं विचारायला कुणी उरलंच नाही. जुळे सोलापुरात देवळावरून भोंगा वाजवून कोण ऐकणार? वरातीच्या डीजेपुढं तो ऐकू आला तरी मिळवली. तुम्हाला घरापुरता आणि पाच-सहा माणसांपुरता पुरे.

वेळ तुम्ही ठरवा. मी पाऊण तास म्हणेन, जेवणं आवरल्यानंतरचा. साडेनऊ ते सव्वादहा धरू. ग्रुपवर जाहीर करू नका, तिथं अंगठे आणि फुलं येतील आणि त्यांना उत्तर देत तुमचा पहिला पाऊण तास जाईल. ज्यांचा खरोखर संबंध येतो अशांना एकेकट्याला कळवा: 'रोज साडेनऊ ते सव्वादहा मी फोनपाशी नसते. तातडीचं असेल तर लागोपाठ दोनदा कॉल करा.' एवढंच. माफी मागू नका आणि कारण तर मुळीच देऊ नका. कारण दिलं की माणसं कारणाशी भांडतात. डोकं दुखतं म्हणालात तर गोळी सुचवतील, ध्यान करते म्हणालात तर भिशीतल्या बायका पत्ता विचारतील.

मालकांना मात्र मेसेज नको, तोंडी सांगा, दुपारच्या चहाला. कायद्याचा आधार तुमच्याकडे नाही. कामाची वेळ संपल्यावर फोन न उचलण्याची मुभा फ्रान्समध्ये मोठ्या कंपन्यांच्या नोकरदारांना २०१७ पासून आहे, ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये आली. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसं खाजगी विधेयक मांडलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. तेव्हा तुमचा आधार तुमची वही. एक आठवडा रात्री नवानंतर आलेला प्रत्येक मेसेज टिपा आणि पुढं लिहा, हा सकाळी नऊला चालला असता की नाही. तिकडचा ग्राहक आपल्या रात्री जागा असतो हे खरं, एखाद्या दिवशी गाडी लागायची असते, कंटेनर अडलेला असतो, हेही खरं. पण असे किती? तुम्ही हिशेबाच्या बाई आहात, आकडा काढा आणि तो आकडा घेऊन बोला. मालक लोकांना भावनेपेक्षा आकडा लवकर कळतो. कदाचित त्यांनाही हा हिशेब कुणी कधी दाखवला नसेल.

आता तुमच्या पत्रातलं ते वाक्य. रविवारचा उपास आणि मुलाचं हसणं यांच्यामध्ये तुम्ही ते घाईने कोंबलंत, जणू मी वाचू नये म्हणूनच. २०२१, भाऊ, सायलेंटवर राहिलेला फोन.

त्या वर्षीचा एप्रिल-मे मी विसरलेले नाही. आत जाता येत नव्हतं, चेहरा बघता येत नव्हता, बाहेर उभं राहायलाही मिळत नव्हतं. आतल्या माणसाशी जोडणारा एकच दोर होता, फोन. आणि तो नेमका त्या रात्री तुमच्या हातात नव्हता. उचलला असता तर काय झालं असतं, याचं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. ते ठाऊक असून काही उपयोग होत नाही, हेही तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. म्हणून 'तुमचा काही दोष नव्हता' असं म्हणून मी मोकळी होणार नाही, ते तुम्हाला बऱ्याच जणांनी सांगितलं असेल. मला दिसतं ते वेगळं. तेव्हापासून रोज रात्री तुम्ही पहारा देताय. एका चुकलेल्या फोनची भरपाई म्हणून उरलेले सगळे फोन, भिशीचे, क्लासचे, 'शुभ रात्री'चे, एकही चुकवायचा नाही, असा तो पहारा आहे. त्या रात्री बाथरूममध्ये रडलात ते मिस्टरांच्या बोलण्याने नसेल. पहारा सोडून तुम्ही तीन तास उसाचा रस पीत हिंडलात आणि काहीही झालं नाही. त्याने माणसाला रडू येऊ शकतं.

पहारेकऱ्याला बदली माणूस देऊन बघू. तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये 'व्यत्यय आणू नका' म्हणून एक सोय असते. ती चालू केली की सगळं गप्प, पण ज्यांच्या नावापुढं तुम्ही चांदणी लावली आहे त्यांचे कॉल वाजतात. शिवाय कुणीही पंधरा मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा कॉल केला तर तोही वाजवायचा, असंही अँड्रॉइड फोनवर ठरवता येतं. वरच्या निरोपात 'लागोपाठ दोनदा' लिहायला सांगितलं ते त्यासाठी. मुलगा हसतो ना? त्यालाच बसवा आणि हे करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

चांदणी कुणाकुणाला? आई, मुलगी, मिस्टर, हे तुम्ही लावालच. पण विचार करा, बार्शीला आईला रात्री काही झालं, तर फोन कोण करेल? आई करणार नाही. तिच्या शेजारची बाई करेल, नाहीतर वरच्या मजल्यावरचा मुलगा. त्यांचा नंबर तुमच्याकडे आहे का? बऱ्याच जणींकडे नसतो. आजच घ्या, त्यांनाही तुमचा द्या, आणि चांदणी त्यांना लावा. तुमच्या उशाशी ठेवलेल्या फोनपेक्षा ही एक गोष्ट आईच्या जास्त कामाची आहे.

यावरही विश्वास बसत नसेल तर माझा जुना उपाय. एक साधा बटणांचा फोन घ्या, दुसरं सिमकार्ड टाका, नंबर फक्त या चार-पाच माणसांना द्या. उशाशी तो ठेवायचा, स्मार्टफोन हॉलमध्ये. काहीही केलंत तरी पहिल्या रात्री मुलीला उठवून एकदा कॉल करायला सांगा. वाजलेला स्वतःच्या कानाने ऐका. त्याशिवाय मन मानायचं नाही.

आणि हे सगळं करूनही रात्री दचकून उठणं, छातीत धडधडणं चालूच राहिलं, तर १४४१६ वर बोला. टेलि-मानस म्हणून सरकारी फोनसेवा आहे, मोफत आहे, मराठीत बोलतात. फोनपासून सुटण्यासाठी फोनच करायला सांगतेय, त्याचं मलाही हसू येतंय, पण सांगतेय.

आता जरा कडू. तुम्ही लिहिलंय की गड्ड्यावर आधी हात सारखा पर्सकडे जायचा. तेव्हा पर्समध्ये फोन नव्हताच, म्हणजे तुम्हाला बोलावणारं कुणी नव्हतं. तरी हात जात होता. सगळ्याच हाका बाहेरून येत नाहीत, बाई. काही आपण स्वतःच उकरून काढतो. आमच्या चाळीत मटका लावणारे होते. आकडा महिन्यातून एखाद्या वेळी लागायचा, पण रोज संध्याकाळी उठून बघायला जायचेच. रोज लागला असता तर कंटाळून सोडला असता, कधीच लागला नसता तरी सोडला असता. फोनचंही तसंच. वीस वेळा उघडला की एकदा मुलीचा फोटो असतो. उरलेल्या एकोणीस वेळा आपण त्या एकासाठी गेलेलो असतो. त्यात पेपरला शेवटचं पान तरी असतं. फोनवर बोट वर सारत राहिलं की संपतच नाही, ही करामत २००६ च्या सुमारास ज्याने शोधली त्या आझा रस्किनने पुढं जाहीरपणे पश्चात्ताप बोलून दाखवला. म्हणजे तुमची इच्छाशक्ती कमी पडते असं समजून स्वतःला बोल लावू नका, पलीकडं हुशार माणसं बसली आहेत. पण हात तुमचा आहे.

म्हणून पहिले दहा-बारा दिवस बरं वाटणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठातल्या लोकांनी एक गमतीदार प्रयोग केला होता, २०१४ मध्ये तो छापून आला. माणसांना पंधरा मिनिटं रिकाम्या खोलीत एकटं बसवलं. करायला काही नाही, फक्त एक बटण, जे दाबलं की विजेचा झटका बसतो. तो झटका टाळायला पैसे मोजू, असं म्हणणारी हीच माणसं. तरी १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी बटण दाबलं. स्वतःबरोबर नुसतं बसण्यापेक्षा झटका बरा! (बायकांचं प्रमाण कमी का, यावर माझं मत आहे, पण ते इथं नको.) आपल्या पूर्व भागात यंत्रमागाशेजारी झोपलेल्या माणसाला खडखडाटाने जाग येत नाही, माग थांबला की येते. तुमचंही तसंच होईल, शांत झाल्यावरच दचकाल.

त्यावर माझ्याकडे एकच उतारा आहे, हाताला काम. तत्त्वज्ञान नको, श्वास मोजणं नको, निदान सुरुवातीला नको. परातभर शेंगा घ्या आणि सोलत बसा. सोलापूरकराला शेंगा सोलायला शिकवावं लागत नाही. बोटं गुंतली की डोकं आपोआप हिंडायला लागतं, आठवड्याची चटणी होते ती वेगळीच. आमच्या शेजारी विड्या वळणाऱ्या एक मावशी होत्या. दिवसाला हजार विड्या वळायच्या आणि त्यांच्याइतकं निवांत बोलणारं माणूस मी पाहिलं नाही. अर्थात त्यांचं ते पोटाचं काम होतं, पाठ मोडून जायची, त्याचं कौतुक करण्यात अर्थ नाही. पण हात चालू असताना मन मोकळं असतं, एवढं मी त्यांच्याकडून उचललं.

त्या २७ ग्रुपांचं फार काही सांगत नाही. बहुतेकांना कायमचं म्यूट करून आर्काइव्हमध्ये टाका, दुपारी जेवताना एकदा चाळा. सोडायचा असेल तो गुपचूप सोडता येतो, आता फक्त अॅडमिनला कळतं. भिशीचा राहू द्या, पैशाचा मामला आहे.

घरच्यांचं मात्र अवघड आहे. मिस्टरांचं 'जग बुडालं असतं' तुम्हाला लागलं, लागणारच. पण ते सहा मिस्ड कॉल कुणाचे होते, हे तुम्ही लिहिलं नाही. त्यातले चार त्यांचे असतील तर ते रागापेक्षा घाबरलेले होते. गड्ड्याच्या गर्दीत बायको तीन तास उचलत नाही, तर नवऱ्याने काय समजायचं? आधी सांगितलंत तर अर्धं भांडण मिटेल. उरलेलं अर्धं असं की सासूबाई त्या पाऊण तासातही हाक मारतील, मुलगा चार्जर कुठाय विचारेल, मिस्टर चष्मा शोधतील. यांना म्यूट करायचं बटण नाही. माझ्या आईची गोष्ट मघाशी अर्धवट सोडली ती ही. फोन बंद करून तुम्ही स्वयंपाकघरातच राहिलात तर पाळी बदलली, सुटली नाही. म्हणून पाऊण तास जागा सोडा. वर गच्चीवर जा. आता उन्हाळा येतोच आहे, पारा चाळिशीपार गेलेल्या दिवसानंतर रात्री तिथंच काय तो वारा असतो. सासूबाईंना पाणी, गोळी जे लागेल ते त्या वेळात मिस्टरांनी बघायचं, हे त्यांना स्पष्ट सांगा. वडिलांच्या त्या ओट्यावरच्या तासामागं आई उभी होती. तुमच्या मागं कुणीतरी उभं राहायला हवं, नाहीतर हा सगळा सल्ला फुकट आहे.

आणि मुलाला यात ओढू नका. 'मी फोन ठेवला, तूही ठेव' सुरू केलंत की पाऊण तास त्याच्या मागं लागण्यात जाईल. त्याची दहावी आहे, त्याचं वेगळं बघू, हवं तर वेगळं पत्र लिहा. महिनाभर हा फक्त तुमचा भोंगा. कधी रविवारी सकाळी वाटलं तर कंबर तलावावर एकटीने चक्कर मारा, तुमच्याकडून काही लांब नाही. नाहीतर हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन बसा, तिथं कुणी बोललं तर लोकच डोळे वटारतात. पण हे वरकड. रोजचा पाऊण तास चुकवून महिन्याची सहल करू नका.

राहता राहिलं पाणी. ते मी हलक्यात घेत नाही, इथंच राहते. साडेनऊला तुम्ही गच्चीवर आणि नऊ पस्तीसला पाणी सुटलं, तर? आमच्या चाळीत पाणी आलं की पहिल्या खोलीतल्या बाई पातेल्यावर उलथनं बडवायच्या. आवाज खोलीखोलीतून पुढं जायचा, शेवटच्या खोलीला कळायला मिनिट लागत नसे. तुमच्या गल्लीच्या ग्रुपवर पाण्याचा निरोप टाकणारं जे कुणी आहे, ते तुमच्यापासून किती घरं लांब राहतं, तेवढं मला पुढच्या पत्रात कळवा.